शिशाची इलेक्ट्रिक भट्टी गुणगुणते तेव्हा: खोलण्याआधी काय ऐकायचं, खोलल्यावर काय आवळायचं

भट्टीतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या छोट्या शेडमध्ये ठरलेला प्रकार होतो. कोणीतरी भट्टी उलटी करतो, खालचा पत्रा काढतो, "कॉइल गेली" म्हणून मोकळा होतो आणि नवी कॉइल आणायला पोराला पिटाळतो. नवी कॉइल बसते, भट्टी तापते, आवाज जिथल्या तिथे. पैसे जातात, अर्धा दिवस जातो आणि जुनी चांगली कॉइल भंगारात जाते.

चूक कॉइल ओळखण्यात होत नाही, क्रमात होते. भट्टी खोलली की आवाज बंद होतो आणि मग तो कुठून येत होता हे कळायची सोय राहत नाही. म्हणून आधी चालू भट्टी ऐकायची, मग बाहेरच्या वस्तू एकेक वगळायच्या आणि सगळ्यात शेवटी पाना हातात घ्यायचा.

हा लेख १ ते २ किलोवॉटच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या, ५ ते २० किलो माल मावणाऱ्या भट्टीसाठी आहे. वाइंडिंगवाल्यांचा वायरची टोकं बुडवायचा सोल्डर पॉट घ्या किंवा जाळ्याला लावायची शिशाची वजनं ओतणाऱ्याची भट्टी घ्या, आतली रचना जवळपास सारखीच. अमेरिकेत हौशी नेमबाज बंदुकीच्या गोळ्या ओतायला अशाच भट्ट्या वापरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथे नाही. पण तिकडची भट्टी कोणी सोबत आणली असेल, तर टप्पा ३ लक्ष देऊन वाचा.

आधी एवढं समजून घ्या: थोडा आवाज असणारच

आपली लाइन ५० हर्ट्झची. करंटची दिशा उलटसुलट होते, पण चुंबकीय ओढीला दिशेशी देणंघेणं नसतं. दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत ती सारखीच लागते, म्हणून सेकंदाला १०० वेळा चढते आणि उतरते. कॉइलचे शेजारचे वेढे एकमेकांना ओढतात, कॉइल लोखंडी भांड्याला ओढते, भांड्याबाहेरचा पत्राही त्यात सापडतो. जे घट्ट आहे ते गप्प बसतं. जे किंचित सैल आहे ते १०० च्या ठेक्यावर थरथरतं, तीच गुणगुण.

त्यामुळे फूटभर अंतरावरून जेमतेम ऐकू येणारी, वर्षभर तशीच असलेली गुणगुण हा दोष नाही. तिच्यामागे लागू नका. लक्ष द्यायचं ते बदलाकडे: काल नव्हता आणि आज आहे, काल बारीक होता आणि आज शेजारच्या शेडमध्ये ऐकू जातो, काल सलग होता आणि आज तुटक झालाय.

> इशारा: गुणगुण वेगळी आणि चरचर-तडतड वेगळी. तडतड म्हणजे कुठेतरी ठिणगी पडते आहे. तडतडीसोबत जळका वास आला किंवा भट्टीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पुढचे ऐकायचे टप्पे सोडा. मेन स्विच बंद करा आणि थेट टप्पा ४ वर जा. तिथे शिसं ओतून काढता येणार नाही, भट्टी भरलेलीच थंड होऊ द्यावी लागेल.

टप्पा १: तयारी

लागणाऱ्या वस्तू: मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरला विळखा घालून करंट मोजणारा), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर; नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून तासाभरासाठी आणा), फूटभर लांबीची कोरडी लाकडी पट्टी, शिशात बुडेल असा थर्मोकपलवाला तापमापक, वही आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी आणि आवाज रेकॉर्ड करण्यासाठी. दुरुस्तीनंतर "आधी एवढाच होता की जास्त?" हा वाद हमखास होतो, रेकॉर्डिंगने तो मिटतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा. टेरिकॉट घालून शिशाजवळ उभं राहू नका, थेंब उडाला तर कापड वितळून कातडीला चिकटतं.

शिशाचं विष धुरापेक्षा धुळीतून जास्त जातं. वर जमणारी राखाडी मळी आणि तिची भुकटी हाताला लागते, हातावरून तंबाखूच्या पुडीत, चहाच्या कपात, पोटात. काम संपेपर्यंत खाणं-पिणं, चुना मळणं बंद. हात साबणाने धुवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, लहान पोरांना भट्टीच्या खोलीत फिरकू देऊ नका. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, कामाला ३५० ते ४०० पुरतं. त्याच्या फार वर नेलं की मळीही वाढते आणि धूरही.

पाणी भट्टीपासून लांब. ओला साचा, दमट भंगार, पावसातून आणलेली पळी यांपैकी काहीही वितळलेल्या शिशात गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. जून ते सप्टेंबर नाशिकच्या शेडमध्ये कोरडं दिसणारं लोखंडही दमट असतं. बुडवायची प्रत्येक वस्तू आधी भट्टीच्या काठावर तापवून घ्या.

टप्पा २: चालू भट्टी ऐका आणि लिहून ठेवा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका हाच लोक गाळतात. भट्टीत नेहमीएवढा माल ठेवा. पंखा, कॉम्प्रेसर, ग्राइंडर बंद करा. एक्झॉस्ट फॅनही मिनिटभर थांबवा, कारण बऱ्याच तक्रारींत गुणगुण त्याचीच निघते. ऐकून झालं की तो लगेच चालू करा. मग पुढच्या गोष्टी वहीत टिपा.

१. थंड असताना आणि तापल्यावर. सुरुवातीला मोठा आणि दहा-पंधरा मिनिटांत विरणारा आवाज पत्र्याचा असतो. तापून पत्रा फुगतो, फट भरते, तो गप्प होतो. उलट, तापल्यावर वाढणारा आवाज कॉइलकडे बोट दाखवतो. नायक्रोम, म्हणजे कॉइलची तार, तापून लांबतो, वेढे ढिले पडून खाली झोल घेतात आणि त्यांना हलायला मोकळीक मिळते. बँड हीटर (भांड्याभोवती पट्ट्यासारखा आवळलेला) असेल तर त्याची पट्टी तापून सैल होते आणि तोच प्रकार होतो.

२. थर्मोस्टॅटच्या 'टक्' बरोबर. 'टक्' झाल्यावर आवाज बंद झाला तर तो कॉइलच्या करंटशी बांधलेला आहे. 'टक्' झाल्यावरही चालूच राहिला तर कॉइल निर्दोष. मग कॉन्टॅक्टर (चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच), डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर), साधा ट्रान्सफॉर्मर किंवा पंखा बघा.

३. रेग्युलेटर कमी, मध्यम, पूर्ण. पूर्णवर शांत, मध्यावर कर्कश, कमीवर पुन्हा थोडा बरा, असा क्रम असेल तर निदान इथेच झालं. हा डिमरसारखा चालणारा ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर आहे. तो प्रत्येक अर्ध्या फेरीत करंट मध्येच तोडून एकदम सोडतो. निम्म्या पॉवरच्या आसपास तो नेमका व्होल्टेजच्या शिखरावर सोडला जातो, त्यामुळे झटका सगळ्यात मोठा आणि आवाजाला धार. कॉइल बदलून यात फरक पडणार नाही.

४. भरलेली आणि जवळपास रिकामी. १० किलो शिसं लिटरभराच्याही आतच मावतं, पण त्या वजनाने भांडं बैठकीवर दाबून बसतं. माल कमी झाल्यावर आवाज वाढत असेल तर भांड्याची बैठक सैल आहे.

५. दिवसा आणि रात्री. एमआयडीसीत दुसरी पाळी सुटली की लोड उतरतो आणि व्होल्टेज चढतं. २३० चे २५० झाले तर तीच कॉइल सुमारे १८ टक्के जास्त पॉवर घेते. रात्रीच आवाज वाढतो असं वाटलं तर आधी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा.

आता लाकडी पट्टी. तिचं एक टोक कानामागच्या हाडाला टेकवा आणि दुसरं टोक भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावर, पायांवर, हँडलवर, रेग्युलेटरच्या डब्यावर एकेक करून ठेवा. जिथे आवाज सगळ्यात ठळक, तिथे खडूने खूण. डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतो तसंच हे, फक्त घाई करायची नाही. पट्टी भांड्याच्या काठावर किंवा शिशात टेकवू नका, चेहरा भांड्याच्या वर आणू नका.

पट्टीने पत्रा हलका दाबूनही बघा. दाबल्यावर आवाज थांबला आणि सोडल्यावर परत आला, तर ती जागा सापडली. बाहेरच्या पत्र्याचा एक सैल रिव्हेट पूर्ण शेड घुमवू शकतो आणि त्यावर उपाय एका स्क्रूचा असतो.

> तपासा: भट्टी टेबलावरून उचलून (थंड आणि बंद असताना) जमिनीवर दोन विटांवर ठेवा, मग चालू करा. आवाज निम्म्याने उतरला तर पत्र्याचं टेबल घुमत होतं. पायांखाली सिमेंट शीटचा तुकडा किंवा वीट ठेवा. रबर नको, ते तापून वितळतं आणि वास सुटतो.

टप्पा ३: बाहेरच्या वस्तू एकेक वगळा

प्लगपासून भट्टीपर्यंत मध्ये काय काय आहे ते कागदावर मांडा. मग एका वेळी एकच वस्तू बाजूला काढा. दोन एकदम काढल्या की दोष कोणाचा होता ते पुन्हा कळत नाही.

ट्रायॅक रेग्युलेटर. तो काढून भट्टी थेट लाइनवर चालवून बघा. गुणगुण गेली तर दोषी सापडला. ही चाचणी चालू असताना शिशात तापमापक पाहिजे आणि माणूस हलता कामा नये, कारण थेट लाइनवर भट्टी थांबणार नाही. १० किलो शिसं ३० अंशांवरून ३५० पर्यंत न्यायला आणि वितळवायला साधारण ६५० किलोज्यूल लागतात. १ किलोवॉटला हिशोबाने अकरा मिनिटं, प्रत्यक्षात भांडं आणि भिंती तापण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. पण वितळून झाल्यावर पुढचे शंभर अंश चढायला तेवढा वेळ लागत नाही. तिथेच लोकांचा अंदाज चुकतो.

रेग्युलेटर दोषी ठरला तर दोन मार्ग. आवाज सहन होत असेल आणि बाकी सगळं घट्ट असेल तर राहू द्या, त्याने भट्टी बिघडत नाही. नको असेल तर तापमान कंट्रोलर आणि झीरो-क्रॉसिंग जातीचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. तो करंट मध्येच तोडत नाही, पूर्ण फेऱ्या सोडतो किंवा पूर्ण अडवतो. मग गुणगुण काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशी येईल. ते बरोबर आहे, त्याला बिघाड समजू नका. एसएसआरला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) हवाच. शिवाय तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन कायमचा 'चालू' अडकतो, म्हणून त्याच्या आधी कॉन्टॅक्टर आणि वेगळा जास्त-तापमान कटऑफ ठेवा. हा खर्च लोक वाचवतात आणि सकाळी लाल झालेलं भांडं बघतात.

पंख्याचा रेग्युलेटर भट्टीला लावणारे महाभागही आहेत. तो त्या करंटसाठी बनलेलाच नसतो. काढून टाका.

डिमरस्टॅट. याची गुणगुण त्याच्या स्वतःच्या गाभ्याची असते. पट्टी डब्यावर टेकवली की लगेच कळतं. मधला बोल्ट आवळा. कार्बन ब्रश झिजला असेल तर गुणगुणीसोबत बारीक ठिणग्या दिसतील. ब्रश बदला, वेढ्यांवरचा काळा पट्टा कोरड्या सुती कापडाने पुसा. भट्टीचा करंट डिमरस्टॅटच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत आहे ना, तेही बघा.

कॉन्टॅक्टर. मोठा, खरखरीत घुर्रऽऽ आवाज आणि पट्टी पॅनेलवर ठेवली की सर्वांत ठळक. सप्लाय बंद करून लॉक करा, कॉन्टॅक्टर उघडा, चुंबकाच्या दोन्ही तोंडांवरचा चिकट मळ आणि लोखंडी चुरा सुक्या कापडाने पुसा. तोंडांत बसवलेली तांब्याची रिंग तुटली आहे का बघा. तुटली असेल तर पुसून उपयोग नाही, कॉन्टॅक्टर बदला. तोंडं कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. ती मापात घासलेली असतात, पुन्हा घासलीत की आवाज कायमचा वाढेल.

अर्ध्या पॉवरचा डायोड. काही जुन्या भट्ट्यांत 'कमी' या खटक्याला आत नुसता एक डायोड असतो. तो अर्धी फेरी कापतो, पॉवर निम्मी होते. 'कमी'वर आवाज एकदम जाड आणि खालच्या सुरात उतरत असेल तर हाच तो, कारण आता ठेका १०० ऐवजी ५० चा झाला. अशी भट्टी डिमरस्टॅट किंवा ट्रान्सफॉर्मरवरून चालवली तर एकाच दिशेच्या करंटने त्यांचा गाभा कोंडतो, तेही घुमतात आणि तापतात. हे दोन एकत्र कधीच नको.

परदेशी भट्टी. पाटीवर १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ती आपल्या लाइनला लावू नका. करंट जवळपास दुप्पट आणि पॉवर साडेतीन पटींहून जास्त होते, कॉइल काही क्षणांत जाते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला असेल तर गुणगुण बहुधा त्याचीच. तो ६० हर्ट्झसाठीच बनवलेला असेल तर ५० वर आणखी घुमेल आणि तापेल. २३० व्होल्टची कॉइल बनवून घेणं हा खरा उपाय.

प्लग आणि सॉकेट. १५ अॅम्पिअरच्या सैल सॉकेटमधून गुणगुण नाही, चरचर येते. चालवून बंद केल्यावर प्लगच्या पिना हाताला चटका देत असतील तर सॉकेट बदला. टेप गुंडाळून चालणार नाही.

> तपासा: इथपर्यंत आवाजाचं घर सापडलं असेल तर भट्टी खोलायची नाही. पुढचे टप्पे फक्त पट्टीने भट्टीच्याच अंगावर बोट ठेवलं असेल तर.

टप्पा ४: रिकामी करा, थंड करा, मोजा

शिसं गरम असतानाच कोरड्या, तापवलेल्या लोखंडी साच्यात ओतून काढा. भरलेली भट्टी गोठवून नंतर उलटी करायला गेलात तर २० किलोंचा गोळा निसटून पाय मोडेल, शिवाय खालचे स्क्रू त्या वजनाखाली वाकतात. तळाला पातळ थर राहिला तरी चालेल. वरच्या इशाऱ्यामुळे थेट इथे आला असाल तर मात्र कॉइलला सप्लाय द्यायचा नाही. शिसं गोठून भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच ती दोघांनी धरून आडवी करा आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवा.

मग प्लग काढा. नुसता स्विच नाही, प्लग. पूर्ण थंड व्हायला दोन-तीन तास द्या. पंखा लावा, पाणी मारू नका. बीडाचं भांडं तडकतं आणि शिशाचं काय होतं ते वर सांगितलंच.

थंड झाल्यावर, खोलण्याआधी दोन मोजमापं:

*रेझिस्टन्स.* प्लगच्या दोन पिनांमध्ये, थर्मोस्टॅट चालू ठेवून. २३० व्होल्टला १००० वॉटची कॉइल सुमारे ५३ ओहम दाखवते, १५०० ची ३५, २००० ची २६ ते २७. थंड असताना दोन-चार टक्के कमी दिसेल, ते चालतं. बरंच कमी दिसलं तर वेढे एकमेकांना चिकटलेत. आकडा हलत राहिला, तर कनेक्शन सैल. रेग्युलेटर मध्ये असेल तर हा आकडा खोटा येतो, थेट कॉइलच्या टोकांवर मोजा.

*इन्सुलेशन.* दोन्ही पिना एकत्र करून त्या आणि भट्टीची बॉडी यांच्यामध्ये मेगर. १ मेगाओमच्या खाली गेलं तर भट्टी चालवायची नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद पडलेल्या भट्टीत हे नेहमी होतं, कारण नळीच्या हीटरमधली (धातूच्या नळीत तार बसवलेला हीटर) मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतलं पाणी ओढते. अशी भट्टी लावली की ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो. मग कोणीतरी डोकं चालवून अर्थची वायर काढतो आणि भट्टी "सुरू" होते. त्या क्षणापासून भांडं, पळी आणि पळी धरणारा माणूस हाच अर्थ असतो. अर्थ काढू नका, हीटर वाळवा, तो टप्पा ६ मध्ये आहे.

टप्पा ५: खोला, बघा, आवळा

भट्टी उलटी करण्याआधी भांड्याचा काठ ज्यावर टेकणार तिथे लाकडी ठोकळे ठेवा. तळाचा पत्रा काढल्यावर कशालाही हात न लावता चार बाजूंनी फोटो घ्या. कोणती वायर कोणत्या टोकाला, अभ्रकाचा तुकडा कुठे, वॉशर कोणत्या क्रमाने, हे सगळं फोटोत आलं पाहिजे.

पॅकिंगला हात लावण्याआधी मास्क. सिरॅमिक वूल आणि ग्लास वूलचे तंतू घशात टोचतात. फार जुन्या भट्टीत राखाडी-पांढरा, दोरासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा माल दिसला तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. उचकटू नका, तशीच बंद करा आणि ती भट्टी कामातून काढा.

आता बघायचा क्रम: आधी टर्मिनल, मग कॉइल, मग बैठक, मग पत्रा.

टर्मिनल. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) निळी-काळी पडली आहे, नटखाली वॉशर सैल फिरतो, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं आहे, यांपैकी काहीही दिसलं तर ते टोक कापून नवं करा. भट्टीच्या आत पीव्हीसी वायर नको, फायबर ग्लास स्लीव्हची उष्णता सोसणारी वायर वापरा. जोड पोर्सिलिन कनेक्टरमध्ये घ्या. आतला जोड सोल्डर करू नका: ६०-४० चं सोल्डर १८३ अंशांपासूनच मऊ होऊ लागतं आणि भट्टीच्या पोटात तेवढं तापमान सहज असतं. पितळी नटाऐवजी स्टेनलेस घ्या, आणि एकाच नटावर भिस्त न ठेवता दोन नट एकमेकांवर आवळा. साधा स्प्रिंग वॉशर तिथे काही दिवसांत जोर गमावतो.

कॉइल. उघड्या नायक्रोमची असेल तर टॉर्च तिरका धरून प्रत्येक खाच बघा. वेढा खाचेबाहेर आला आहे का, दोन वेढे टेकलेत का, सिरॅमिक तडकलं आहे का. तळातून ओतायच्या भट्टीत आणखी एक गोष्ट हटकून सापडते: व्हॉल्व्हमधून ठिबकलेल्या शिशाचे चपटे, चकचकीत थेंब कॉइल आणि पत्र्याच्या मध्ये अडकलेले. मसुराएवढा एक थेंब दोन वेढे जोडतो किंवा कॉइलला बॉडीशी टेकवतो, आणि १०० च्या ठेक्यावर तिथेच नाचतो. चिमट्याने काढा. फुंकर मारू नका, भुकटी नाकात जाईल. थेंब काढून व्हॉल्व्हची गळती तशीच ठेवलीत तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल.

ढिली कॉइल ताणून "घट्ट" करायचा मोह होतो. ताणलेल्या जागी वेढे विरळ होतात, बाकीचे दाट राहतात आणि दाट जागा जास्त तापून तुटते. जुना नायक्रोम एकदा तापून ठिसूळ झालेला असतो, वाकवताना हातात येतो. वेढा नुसता खाचेबाहेर आला असेल तर हलकेच परत बसवा. सगळीकडे झोल असेल तर तेव्हाच कॉइल बदलायची वेळ झाली असं समजा. नवी घेताना जुनीचे वॉट, व्होल्ट आणि खाचेची रुंदी घेऊन जा. अंदाजाने आणलेली जाड कॉइल खाचेत बसत नाही आणि नव्याने घुमते.

नळीचा हीटर स्वतः सहसा वाजत नाही, आत भुकटी ठासलेली असते. वाजते ती त्याला धरणारी क्लिप. क्लिप आणि नळी यांत फट असेल तर क्लिप वाकवून बसवा किंवा मध्ये अभ्रकाची पट्टी सरकवा. नळी फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर बदला, त्यावर दुसरा इलाज नाही.

बँड हीटरचा स्क्रू थंड असताना आवळा. पट्टी सगळीकडून भांड्याला टेकली पाहिजे. मध्ये गंजाचा पापुद्रा असेल तर तो आधी ओल्या कापडाने टिपून काढा आणि भांडं वाळू द्या.

भांड्याची बैठक आणि पत्रा. भांडं हाताने फिरवून बघा, खटखट हललं तर काठाखालचं पॅकिंग दबून गेलं आहे. तेवढ्या जागी नवीन सिरॅमिक वूलची पट्टी घाला. सगळी पोकळी ठासून भरू नका: कॉइलच्या खोबणीत वूल गेलं की तिथली उष्णता कोंडते आणि ती जागा जळते. आवाज बंद व्हावा म्हणून आत कापूस, एम-सील, सिलिकॉन भरलेल्या भट्ट्याही दिसतात. हे सगळं जळतं, धूर करतं आणि पुढच्या दुरुस्तीला खरवडून काढावं लागतं.

पत्रा परत लावताना सगळे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आट्यांपर्यंत घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर दुसरी बाजू फुगून राहते आणि नेमकी तीच वाजते. आटे गेले असतील तर एक माप मोठा स्क्रू घ्या. स्क्रू करकचून आवळायचे नाहीत, तापून पत्रा फुगला की आटे तुटतात.

> इशारा: गरम भट्टीवर आवाज ऐकत ऐकत स्क्रू आवळणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. गरम असताना सगळं फुगलेलं असतं, तेव्हा बरोबर वाटलेला स्क्रू थंड झाल्यावर सैल होतो. आणि पाना हातात, लाइन चालू, हे तर नकोच.

टप्पा ६: पुन्हा सुरू करणं

बंद केल्यावर रेझिस्टन्स आणि मेगर पुन्हा घ्या. वहीतल्या आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. प्लग आरसीसीबी असलेल्याच सॉकेटला.

मेगर कमी येत असेल तर हीटर वाळवायचा: डिमरस्टॅटवर ६०-७० व्होल्ट देऊन, म्हणजे दहाव्या भागाएवढ्या पॉवरवर, दोन-तीन तास. मग प्लग काढून पुन्हा मेगर. आकडा चढत गेला तर ओल होती, तिथेच राहिला तर हीटर गेला. दमट हीटर पूर्ण व्होल्टेजवर लावला तर आतली वाफ नळी फाडू शकते.

पहिली चालवणूक रिकाम्या भांड्याने फक्त एक-दोन मिनिटं, तीही ऐकण्यापुरती. भांड्यात माल नसताना कॉइलची उष्णता ओढायला कोणी नसतं. क्लॅम्प मीटरने करंट बघा: १००० वॉटला ४.३ अॅम्पिअरच्या आसपास, १५०० ला ६.५.

नंतर माल भरा आणि मध्यम पॉवरवर तापवा. नवीन पॅकिंगमधला चिकटवा जळून थोडा धूर येईल, एक्झॉस्ट चालू ठेवा. आधीचाच घट्ट गोळा भांड्यात असेल तर त्याचा तळ आधी वितळतो आणि वर टणक थर राहतो. खालचं शिसं फुगून बाजूने पिचकारी मारू शकतं. वरचा थर पळीने ठोकू नका, तोंड लांब ठेवा, हळूहळू तापू द्या.

शिसं पूर्ण वितळल्यावर मळी बाजूला सारा आणि चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंब स्थिर असेल तर भांडं बसलं आहे. ते बारीक थरथरत असेल तर भांडंच हलतंय, पत्रा नाही. थंड करून बैठक पुन्हा बघा.

आता टप्पा २ मधल्या पाचही नोंदी नव्याने घ्या, तशाच क्रमाने, आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका. पहिल्या पूर्ण तापण्या-थंड होण्यानंतर बँड हीटरचा स्क्रू आणि टर्मिनलचे नट एकदा हमखास ढिले पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी पूर्ण थंड आणि प्लग काढलेला असताना, ते पुन्हा आवळा. मग आठवड्याने एकदा. त्यानंतरही तेच नट सैल मिळत असतील तर आवळत बसू नका. तिथली थिंबल किंवा नट बदला, कारण वाकलेली थिंबल कितीही आवळली तरी धरत नाही.